टोमॅटोची मर दरवर्षी परत येते तेव्हा : खोड चिरा, मुळं बघा, मग वाणाकडे वळा

लागवडीला पन्नासेक दिवस झालेले असतात. पहिली बांधणी उरकलेली, खालच्या घडाला लिंबाएवढी फळं धरलेली. आणि एका दुपारी सरीतलं एखादं झाड मान टाकतं. संध्याकाळी ते परत ताठ होतं, म्हणून ऊन लागलं असेल असं आपण धरून चालतो. चार दिवसांनी खालची पानं पिवळी पडायला लागतात, तीही बहुतेक वेळा झाडाच्या एकाच अंगाची. कधी एकाच पानाची अर्धी बाजू पिवळी आणि अर्धी हिरवीगार असते. मग एके दिवशी दुपारी झुकलेलं झाड संध्याकाळी उठतच नाही. दहा-पंधरा दिवसांत ते उभ्या जागी वाळतं, फळं तशीच लटकलेली. तोवर शेजारच्या दोन झाडांनीही मान टाकलेली असते.

पहिल्या वर्षी असं झालं की आपण कृषी सेवा केंद्रात जाऊन आळवणीचं, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओतायचं, औषध आणतो. दुसऱ्या वर्षीही तेच करतो. तिसऱ्या वर्षी त्याच रानात, त्याच पट्ट्यात मर लागली, तर मात्र औषधाचा ड्रम भरायच्या आधी थांबावं. मी हे लिहिते आहे ते त्या तिसऱ्या वर्षाला पोचलेल्यांसाठी. आमची शेती जुन्नर तालुक्यात, मध्यम काळं रान, माल नारायणगावच्या बाजारात. विहिरीकडेच्या तीस गुंठ्यांत आम्ही लागोपाठ टोमॅटो घेत गेलो आणि हे सगळं भोगलं.

आधी एक झाड खणून काढा

मेलेलं वाळकं झाड नको. कालपासून झुकायला लागलेलं, अजून अर्धं हिरवं असलेलं झाड निवडा. ओढून उपटू नका, मुळं तुटतात. फावड्यानं चारी बाजूंनी माती सैल करून मुळांसकट उचला आणि बादलीत हळूच धुवा.

आता धारदार चाकूनं जमिनीलगतचं वीतभर खोड उभं चिरा. मधला गाभा पांढरा, घट्ट, निरोगी. पण सालीच्या लगेच आत दोन्ही बाजूंना चहाच्या डागासारख्या तपकिरी रेषा वर चढत गेलेल्या दिसल्या, तर ती फ्युजेरियम या बुरशीची मर समजा. मी पहिल्यांदा असं खोड चिरलं तेव्हा त्या रेषा बोटानं वर शोधत गेले. माझ्या कमरेएवढ्या उंचीच्या फांदीतही त्या होत्या. बाहेरून ती फांदी अगदी धडधाकट दिसत होती. पिवळ्या पानाचा देठ खोडाला जिथं चिकटतो तिथं तो मोडून बघितला तर त्या खाचेतही तपकिरी ठिपके दिसतात. झाड वाचवायचं असेल आणि नुसती खात्री करायची असेल तर एवढंही पुरतं.

या रेषा म्हणजे झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. फ्युजेरियम ऑक्झिस्पोरम ही बुरशी मातीत असते, कोवळ्या मुळांतून आत शिरते आणि या नळ्यांमध्ये वाढते. तिला अडवायला झाड स्वतःच नळ्यांत डिंकासारखे अडसर तयार करतं. त्यानं बुरशी अडते की नाही हे वाणावर ठरतं, पण पाणी मात्र नक्की अडतं. म्हणून जमिनीत भरपूर ओल असताना झाड तहानेनं मरतं. अशा वेळी ठिबक जास्त वेळ चालवणं हा आपल्याकडे हमखास होणारा घोटाळा आहे. झाड सुकलेलं दिसतं, हात आपोआप व्हॉल्व्हकडे जातो. आधी माती मुठीत दाबून बघा. गोळा होत असेल तर पाणी कमी नाही, नळ्या बंद आहेत.

मग पेलाभर पाणी घ्या

मर म्हटलं की सगळे एकाच रोगाचं नाव घेतात, पण बुरशीची मर आणि जिवाणूची मर यांचा इलाज, वाण, फेरपालट, सगळंच वेगळं. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या. बुंध्याजवळचा बोटभर लांबीचा खोडाचा तुकडा कापून, त्याचं कापलेलं टोक जेमतेम पाण्यात बुडेल असा धरा किंवा दोऱ्यानं टांगा. पेला हलवू नका, मागे काळं कापड धरा. तीन-चार मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढुरके धागे खाली उतरताना दिसले, तर ती राल्स्टोनिया या जिवाणूची मर. पाणी तसंच नितळ राहिलं आणि खोडात तपकिरी रेषा आहेत, तर बुरशी.

लक्षणांतही फरक असतो. जिवाणूची मर झटपट येते. झाड पिवळं न पडता हिरवंच्या हिरवं दोन-चार दिवसांत कोसळतं. फ्युजेरियम हळू चालते, आधी पिवळी पानं दाखवते. आणखी एक खूण शेतकऱ्याला पटकन लक्षात येईल अशी आहे. टोमॅटोवरची फ्युजेरियम टोमॅटोपुरतीच असते. त्याच पट्ट्यात वांगी किंवा मिरचीही तशीच कोसळत असतील तर जिवाणूचा संशय आधी घ्या, कारण राल्स्टोनियाला टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा सगळेच चालतात.

बुंध्याशी मातीलगत कापसासारखी पांढरी बुरशी आणि त्यात मोहरीच्या दाण्यांएवढे तपकिरी गोळे दिसले, तर ती बुंधा कुजवणारी स्क्लेरोशियम. तिच्यात साल कुजते, वरच्या फांदीत रेषा चढत नाहीत. मुळांवर गाठी असल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे कृमी. या गाठी मुळाचाच भाग असतात, नखानं सुटून येत नाहीत. सूत्रकृमी एकटेही झाड खुरटवतात, पण त्यांनी केलेल्या जखमांतून बुरशीला वाट सोपी होते, त्यामुळे दोन्ही एकत्र सापडणं नेहमीचं आहे. व्हर्टिसिलियम नावाची आणखी एक बुरशी अशीच रेषा काढते, पण ती थंड हवेतली. आपल्या उन्हाळी लागवडीत माती २८ अंशांच्या आसपास तापलेली असते आणि तो फ्युजेरियमचा आवडता हंगाम. शंका राहिली तर खोडाचा ताजा तुकडा आणि मुळांसकटची माती कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागात न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस ठेवलेला नमुना सडतो आणि मग कुणालाच काही सांगता येत नाही.

सहा सऱ्या

आमच्या रानात मर दुसऱ्या वर्षी जोरात आली तेव्हा आम्ही पंधरा दिवसांत तीन आळवण्या केल्या. खर्च झाला, झाडं गेली. बांधणीला येणाऱ्या एका मावशी सुतळीचं बंडल कमरेला लावून पुढं सरकत होत्या. त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, ह्या सहा सऱ्यांना काहीच नाही झालं बघा. पल्याडचीच जात्यात."

त्या सहा सऱ्यांत वेगळा वाण होता. रोपवाटिकेत बुक केलेल्या वाणाची रोपं कमी पडली म्हणून उरलेल्या जागेत दुसऱ्या वाणाचे ट्रे आणले होते, मनाविरुद्ध. तेच पाणी, तेच खत, तोच मल्चिंग पेपर, आळवणीही तीच. बाकीच्या सऱ्यांत जागोजाग खिंडारं आणि या सहा सऱ्या हिरव्या. मी त्या संध्याकाळी दोन्ही पाकिटं शोधून काढली. आमच्या नेहमीच्या वाणाच्या पाकिटावर मरीविषयी एक अक्षर नव्हतं. दुसऱ्यावर इंग्रजी अक्षरांची एक ओळ होती, जिच्याकडे आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

तूर आणि हरभऱ्याच्या बाबतीत आपण असं करत नाही. हरभरा पेरताना विजय किंवा दिग्विजय मागतो, तुरीत आशा किंवा विपुला मागतो, आणि ते मरीला दाद देत नाहीत म्हणूनच मागतो. आपल्या आधीच्या पिढीनं मरीनं ओसाड पडलेली तुरीची रानं पाहिलेली आहेत, त्यामुळे तिथं वाण आधी आणि औषध नंतर हे अंगवळणी पडलं. टोमॅटोत मात्र आपण विचारतो फळ किती टणक, रंग कसा, लांबच्या बाजाराला गाडी पोचेपर्यंत टिकतो का. व्यापारी ते विचारतो म्हणून आपणही तेवढंच विचारतो. झाड उभं राहिलं तरच टणक फळ मिळणार, हे रोपं बुक करताना कुणी बोलत नाही. हरभऱ्याच्या मरीची बुरशी आणि टोमॅटोची बुरशी एकाच कुळातल्या असल्या तरी एकमेकींच्या पिकावर जात नाहीत, एवढं मात्र ध्यानात ठेवा. हरभऱ्याच्या बेवडावर, म्हणजे हरभरा काढलेल्या रानात, टोमॅटो लावला म्हणून ही मर आली असं होत नाही.

पाकिटावरची अक्षरं

चांगल्या संकरित वाणांच्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकावर रोगप्रतिकाराचे संकेत छापलेले असतात. 'व्ही' म्हणजे व्हर्टिसिलियम, 'एफ' किंवा 'एफओएल' म्हणजे फ्युजेरियम मर, 'एन' म्हणजे सूत्रकृमी, 'आरएस' म्हणजे जिवाणूची मर. 'एचआर' लिहिलं असेल तर प्रतिकार भक्कम, 'आयआर' असेल तर मध्यम. म्हणजे रोगाचा दाब वाढला की लक्षणं दिसणार. नुसतं 'मर रोगास सहनशील' छापलेलं असेल तर कोणती मर, हे विक्रेत्याला विचारा आणि नेमकं उत्तर मिळालं नाही तर ते वाक्य वाचलंच नाही असं समजा.

'एफ'च्या पुढचे आकडे सगळ्यांत महत्त्वाचे आणि तिथंच गोंधळ होतो. या बुरशीच्या तीन रेस, म्हणजे पोटप्रकार, आहेत. जुन्या पद्धतीत त्यांना १, २, ३ म्हणतात. बियाणे उद्योगातल्या नव्या पद्धतीत त्याच ०, १, २ होतात. म्हणजे एका पाकिटावर 'एफ १, २' आणि दुसऱ्यावर 'एफओएल ०, १' असेल तर दोन्ही त्याच दोन रेसबद्दल बोलत असू शकतात. सर्वांत सोपं म्हणजे आकडे किती आहेत ते मोजायचं. एकच आकडा असेल तर बहुधा पहिल्याच रेसचा प्रतिकार, दोन असतील तर दोन रेसचा, तीन असतील तर तिन्हींचा.

या रेस कशा झाल्या हे समजलं की वाणाकडे बघायची नजर बदलते. मरीला न जुमानणारा गुण पहिल्यांदा सापडला तो दक्षिण अमेरिकेतल्या करवंदाएवढी फळं देणाऱ्या रानटी टोमॅटोत. तो साध्या टोमॅटोत उतरवून अमेरिकेत १९४१ मध्ये 'पॅन अमेरिका' हा वाण आला. झाडाच्या मुळात शिरताना बुरशी काही प्रथिनं सोडते. या गुणाचं झाड त्यांतलं एक प्रथिन ओळखतं आणि तिथल्या तिथं वाट बंद करतं. पण १९४५ मध्ये ओहायोत अशी बुरशी सापडली जिच्यापुढं हा गुण चालेना. तिच्याकडे ते प्रथिनच नव्हतं, म्हणून झाडाला ती ओळखू येईना. ही दुसरी रेस. १९६० च्या सुमारास ती फ्लोरिडात पसरली आणि तिथं १९६९ मध्ये 'वॉल्टर' हा दोन्ही रेसना दाद न देणारा वाण आला. मग १९७० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तिसरी रेस पुढं आली आणि तिच्यासाठीचा गुण दुसऱ्याच एका रानटी नातेवाइकाकडून आणावा लागला.

आजही रेस ओळखायची पद्धत हीच आहे. 'बॉनी बेस्ट' हा जुना वाण तिन्ही रेसना बळी पडतो, 'वॉल्टर' फक्त तिसरीला. अशा ठरलेल्या वाणांची रोपं त्या बुरशीत लावायची आणि कोण मरतं, कोण जगतं ते बघायचं. आपल्याकडे पुसा रुबीसारखा जुना सरळ वाण मरीच्या प्रयोगांत सहज बळी पडणारा म्हणून लावतात. परसात पुसा रुबी लावून ती दरवर्षी वाळत असेल तर तुमच्या हाताला दोष देऊ नका.

आणखी एक घोटाळा मी वारंवार ऐकते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक 'तीन रोगांना प्रतिकारक' म्हणून प्रसिद्ध आहे आणि ते खरं आहे. पण ते तीन रोग म्हणजे पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूची मर आणि लवकर येणारा करपा. त्यात फ्युजेरियम नाही. तुमच्या पेल्यात दुधाळ धागे उतरले असतील तर हा वाण किंवा त्याच संस्थेचे अर्का आभा, अर्का आलोक कामाचे. कोकणात, गोव्यात जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत आणि दमट हवेत जिवाणूची मरच जास्त छळते, तिथल्या शेतकऱ्यांनी हे वाण नक्की बघावेत. पण खोडात तपकिरी रेषा आणि पेल्यात नितळ पाणी, असं असताना 'मर प्रतिकारक' एवढ्यावर विश्वासून ते लावले, तर पुढच्या वर्षी वाणाला शिव्या पडतील आणि चूक निदानाची असेल.

वाण बदलला तरी झाडं मेली, तर

आमचंच झालं. पुढच्या हंगामात सगळ्या तीस गुंठ्यांत त्या सहा सऱ्यांचा वाण लावला. रान भरून हिरवं. पण विहिरीकडच्या कोपऱ्यात पंचेचाळिसाव्या दिवशी पाच झाडं पडली, आठवड्यात पंधरा. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, हा वाणही गेला. सासरे म्हणाले, "रानच बाटलंय, टोमॅटो सोडून द्या."

मी एक झाड खणलं. पानं हिरवी होती, पिवळी पडलीच नव्हती. खोड चिरलं तर गाभ्यापर्यंत तपकिरी, बोटानं दाबलं तर बुळबुळीत. पेल्यात तुकडा टांगला आणि मिनिटभरात दुधाळ धागा खाली सुटला. त्या कोपऱ्यात मेन लाइनच्या व्हॉल्व्हचा जोड झिरपत होता. पेपरखाली आम्हाला ते दिसलंच नाही, पण तिथली माती महिनाभर वाफशावर आलेली नव्हती. फ्युजेरियमला दाद न देणाऱ्या वाणाला जिवाणूविरुद्ध काहीच आधार नसतो. एकाच रानात दोन वेगळ्या मरी होत्या आणि पहिलीनं दुसरीला झाकून ठेवलं होतं. त्या कोपऱ्यात आम्ही टोमॅटो, वांगी, मिरची काहीच लावत नाही. जोड बदलला, चर काढला, तिथं जनावरांसाठी मका करतो.

म्हणून प्रतिकारक वाण मेला तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे खोड, पेला, मुळं. पेला नितळ, रेषा स्पष्ट आणि पाकिटावर एकच आकडा असेल, तर तुमच्या रानात दुसरी रेस असण्याची शक्यता धरा आणि दोन किंवा तीन आकड्यांचा वाण बघा. मुळांवर गाठी असतील तर आधी सूत्रकृमींचं बघा. पाकिटावर 'एन' असला तरी निर्धास्त राहू नका. टोमॅटोतला सूत्रकृमींविरुद्धचा नेहमीचा गुण माती २८ अंशांच्या वर तापली की ढिला पडतो आणि आपल्या एप्रिल-मेच्या रानात ती तापतेच. मेलेली झाडं रानभर विखुरलेली, एकेकटी असतील आणि ती फळाच्या आकारातही वेगळी असतील, तर बियाण्यात भेसळ आहे का ते तपासा. म्हणूनच पाकीट, त्यावरचा लॉट नंबर आणि रोपवाटिकेचं बिल हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावं. रोपवाटिका बियाणं पेरते आणि पाकीट आपल्यापर्यंत येतच नाही. आता मी बुकिंग करतानाच रिकामं पाकीट मागून घेते.

औषध, जैविक, खत

सरळ सांगते. नळ्यांत बुरशी भरलेलं झाड कुठल्याही आळवणीनं परत येत नाही. बुरशीनाशकाची आळवणी फार तर शेजारच्या अजून न लागलेल्या झाडांसाठी, आणि तीही औषधाच्या लेबलवर टोमॅटो आणि मर या दोन्हींचा उल्लेख असेल तरच. चार औषधं एका ड्रममध्ये कालवून ओतल्यानं मुळं भाजतात आणि नवी वाट उघडते.

ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी उपयोगी आहे, पण आधी. लागवडीपूर्वी एकरी दोन-अडीच किलो ट्रायकोडर्मा शंभरेक किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून, सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवायचा. ढिगावर हिरवट पांढरी बुरशी चढली की बेडमध्ये द्यायचा. रोपांच्या मुळांनाही द्रावणात बुडवून लावता येतं. पाकिटाची मुदत बघा, कारण आतली बुरशी जिवंत असेल तरच ती काम करते. आणि आज ट्रायकोडर्मा दिला की परवा रासायनिक बुरशीनाशक ओतू नका. तुम्हीच दिलेली बुरशी तुम्हीच माराल.

खताबद्दल इंटरनेटवर एक सल्ला सर्रास फिरतो, की मर आली की चुना टाका. तो सल्ला फ्लोरिडासारख्या रेताड, आम्लधर्मी जमिनींवरच्या कामातून आलेला आहे. तिथं सामू (पीएच) ६.५ ते ७ पर्यंत वर नेल्यावर फ्युजेरियम कमी झाली, हे खरं. पण पुणे, नाशिक, नगर भागातल्या काळ्या जमिनींचा सामू मुळातच बहुधा साडेसातच्या वर असतो. तिथं चुना टाकलात तर लोह आणि जस्त आणखी अडकेल, मर तशीच राहील. माती परीक्षणाचा कागद हातात नसताना चुना नको. त्याच कामातला दुसरा भाग मात्र आपल्यालाही लागू पडतो. अमोनियाच्या रूपातलं नत्र मरीला पोषक ठरतं, नायट्रेटच्या रूपातलं तिला आवर घालतं. म्हणून मरीच्या रानात युरिया आणि अमोनियम सल्फेटवर भर न देता कॅल्शियम नायट्रेट आणि १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) यांच्याकडे झुकावं. नत्राचा एकूण डोसही आवरावा. लुसलुशीत वाढलेलं झाड आधी पडतं.

बुरशी रानात येते कशी, आणि राहते कुठं

ही बुरशी जाड कवचाचे बीजाणू करून मातीत वर्षानुवर्षं पडून राहते. एक वर्ष टोमॅटो बंद केला की ती संपत नाही. पाच-सात वर्षांची फेरपालट केली तर दाब बराच उतरतो, पण एवढं थांबणं तीस गुंठेवाल्याला परवडत नाही, हे मला माहीत आहे. निदान मधली दोन-तीन वर्षं कांदा, मका, ज्वारी, गहू घ्या. सूत्रकृमी असतील तर झेंडू. तोवर दुसऱ्या रानात प्रतिकारक वाण.

नवी बुरशी रानात आणायचं सगळ्यांत दुर्लक्षित साधन म्हणजे बांबू. आपण तेच बांबू चार-पाच हंगाम वापरतो, शेजाऱ्याकडून भाड्यानंही आणतो. त्यांच्या टोकाला वीतभर वाळलेली माती चिकटलेली असते, आणि ते टोक आपण नेमकं झाडाच्या मुळाशी ठोकतो. टोकं घासून धुवा, ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात बुडवा, भर उन्हात आठवडाभर पसरून ठेवा. भाड्याच्या रोटाव्हेटरचे दातेही आपल्या रानात शिरण्याआधी पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन घ्यावेत. मी हे सांगितलं तेव्हा ट्रॅक्टरवाले भाऊ आधी नाराज झाले, आता स्वतःच पाइप मागतात.

आणि शेवटच्या तोडणीनंतर तार-बांबू काढून उभी झाडं रोटाव्हेटरखाली घालायची सवय, ती मरीच्या रानात तरी सोडा. एका पट्ट्यातली बुरशी त्यानं तीस गुंठ्यांत सारखी पेरली जाते. मर दिसलेलं झाड त्याच आठवड्यात मातीसकट पोत्यात भरून बाहेर काढा. बांधावर टाकू नका, उकिरड्यात नको, ओढ्यात तर मुळीच नको. वाळवून जाळा. त्या जागेचा ड्रिपर बंद करा. पाटपाणी असेल तर मर लागलेली सरी सगळ्यात शेवटी भिजवा, नाहीतर पाण्याबरोबर ती पुढच्या सरीत जाते.

रोपं घरी करत असाल तर एप्रिल-मेमध्ये रोपांच्या वाफ्याला भरपूर पाणी देऊन त्यावर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट ताणून, कडा मातीत दाबून ठेवा. काळा कागद नको. पारदर्शकच हवा, त्याखाली माती जास्त तापते. वाफ्यापुरतं हे उत्तम काम करतं. पूर्ण रानात खोलवरच्या मातीपर्यंत ती उष्णता पोचत नाही, त्यामुळे तिथं अर्धाच गुण येतो.

बाजाराला हवा तोच वाण लावायचा आहे आणि तो मरीला बळी पडतो, अशी कोंडी असेल तर कलमी रोपांचा विचार करा. प्रतिकारक खुंटावर आपला वाण बांधलेला असतो. रोप महाग पडतं, म्हणून आधी फक्त बाधित पट्ट्यात लावून बघावं. लावताना कलमाचा जोड मातीच्या आणि मल्चिंग पेपरच्या चांगला वर राहिला पाहिजे. रोप खोल लावायची, बुंध्याला भर द्यायची आपल्याला सवय आहे. कलमी रोपात तसं केलं की वरच्या वाणाला मातीत स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटावर केलेला खर्च वाया जातो.

आपल्याच रानात वाण पारखायचे ते असे

माहितीपत्रक काही सांगो, तुमच्या रानात कोणती रेस आहे आणि सोबत आणखी काय आहे ते तुमच्या रानालाच विचारावं लागतं. आम्ही दरवर्षी मरीच्या सर्वांत वाईट पट्ट्यात चार सऱ्या राखून ठेवतो. तीन सऱ्यांत तीन नवे वाण आणि एका सरीत आमचा जुना, हमखास मरणारा वाण. तो जुना वाण महत्त्वाचा आहे. त्याची सरी मेली नाही, तर त्या वर्षी रोगाचा दाबच नव्हता आणि बाकीच्या तिघांविषयी काही ठरवता येत नाही. बांबूच्या टोकाला वेगवेगळा रंग लावून ठेवायचा, कारण जुलैत कुठला वाण कुठं होता हे कुणालाच आठवत नाही. लागवडीनंतर ४५, ६० आणि ७५ व्या दिवशी झुकलेली आणि मेलेली झाडं मोजून वहीत लिहायची. मेलेल्या प्रत्येकाचं खोड चिरून, पेल्यात बघून, कशानं मेलं तेही शेजारी लिहायचं.

शेवटच्या तोडणीनंतर, झाडं काढायच्या दिवशी, प्रत्येक सरीतली उभी राहिलेली पाच-सहा झाडं बुंध्यापासून चिरा. काही वाण हिरवे दिसतात, माल देतात, पण आत गुडघ्यापर्यंत तपकिरी रेषा चढलेल्या असतात. ते सहनशील, हिवाळी लागवडीत चालतील, तापलेल्या उन्हाळ्यात दगा देतील आणि रानात बुरशीही वाढवत ठेवतील. ज्यांचं खोड खालपासून वरपर्यंत पांढरं निघतं ते खरे प्रतिकारक. गेल्या हंगामात आमच्या तीनपैकी एकाचंच खोड असं निघालं. त्याचं फळ थोडं चपटं आहे आणि व्यापाऱ्यानं पहिल्या दोन गाड्यांना कॅरेटमागं भाव तोडून मागितला, पण सरीत एकही खिंडार नव्हतं. मार्चच्या लागवडीसाठी त्याचे ट्रे आम्ही जानेवारीतच बुक केले आहेत.